दाणा शेतकऱ्याचा, सौदा कोणाचा?

मळणी होऊन दाणा खळ्यावरून घरीं आला म्हणजे शेतकऱ्याचे कष्ट संपले, असें शहरांतील माणसास वाटतें. वस्तुतः त्याच्या कठीण परीक्षेस तेथूनच आरंभ होतो. पाऊस, कीड व रोग यांच्याशीं त्यानें चार महिने झुंज दिलेली असते. आतां त्याची गांठ बाजाराशीं पडते, आणि या सामन्यासाठीं त्याची तयारी सर्वांत कमी असते. माल कोणास विकावा, कोठें विकावा, आज विकावा कीं दोन महिन्यांनीं विकावा, एकट्यानें विकावा कीं दहाजणांनीं मिळून विकावा, या प्रश्नांवर आपल्या महाराष्ट्रांत शंभराहून अधिक वर्षें वाद चालला आहे. एक पक्ष म्हणतो, दाणा ज्याचा, त्याचाच त्यावर पूर्ण हक्क. त्यानें तो हव्या त्या गिऱ्हाइकास, हव्या त्या गांवीं, हव्या त्या दरानें विकावा, मध्यें कोणीं पडूं नये. दुसरा पक्ष म्हणतो, एकटा शेतकरी बाजारांत गेला कीं नाडला गेलाच; म्हणून सर्वांनीं माल एकत्र करून एका हातानें विकावा, आणि जो या शिस्तींत येणार नाहीं त्यास कायद्यानें आणावें. दोन्ही पक्ष शेतकऱ्याच्या कल्याणाच्याच नांवानें बोलतात. तेव्हां नांवावर न जातां अनुभवावर जाणें इष्ट होय.

हा प्रश्न पुणेकरांस परका नाहीं. पुणें शहर धान्य पिकवीत नाहीं; तें धान्य विकतें आणि खातें. मावळ-मुळशीचा तांदूळ, शिरूर-खेडकडील बाजरी, सोलापूर-मंगळवेढ्याकडील ज्वारी गुलटेकडीच्या भुसार बाजारांतून आमच्या घरोघरीं येते. ज्या सौद्यावर आपली भाकरी अवलंबून आहे तो सौदा न्यायाचा आहे कीं नाहीं, हें पाहणें आपलेंही कर्तव्य आहे.

प्रथम स्वातंत्र्याच्या पक्षाचा विचार करूं. १८७५ सालच्या मे महिन्यांत आपल्याच जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांच्या दुकानांवर व घरांवर हल्ला करून कर्जखतें जाळलीं. तो दंगा पुणें व नगर जिल्ह्यांत पसरला, आणि त्याची चौकशी होऊन १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांस दिलासा देणारा कायदा झाला. त्या वेळच्या शेतकऱ्यास आपला माल अमक्यासच विकावा असें कोणत्याही कायद्यानें सांगितलें नव्हतें. कायद्याच्या दृष्टीनें तो पूर्ण मोकळा होता. परंतु पेरणीच्या वेळीं ज्याच्याकडून बियाणें आणि खावटी घेतली, त्याच्याच ओट्यावर सुगीचा दाणा नेऊन टाकणें त्यास भाग होतें. दर ठरविणारा तोच, माप घालणारा तोच आणि वही लिहिणाराही तोच. कागदोपत्रीं असलेल्या मोकळेपणाचा त्यास काडीइतका उपयोग झाला नाहीं. या उदाहरणावरून एक गोष्ट निश्चित होते. विक्रीचें स्वातंत्र्य म्हणजे केवळ बंदीचा अभाव नव्हे. ज्यास थांबतां येतें तोच मोकळा. ज्याच्या घरीं उद्यांची चूल आजच्या विक्रीवर पेटावयाची आहे, त्याचें स्वातंत्र्य बाजाराच्या वेशीवरच संपतें.

बाजारांत गेल्यावरही त्याची सुटका नव्हती. दलाल व गिऱ्हाईक रुमालाखालीं हात घालून बोटांनीं भाव ठरवीत आणि मालाचा धनी बाजूस उभा राहून पाहत असे. वजनांत कडता, नमुन्याच्या नांवानें ओंजळभर दाणा, हमाली, तोलाई, धर्मादाय अशा अनेक वाटांनीं त्याचें पोतें हलकें होई. हे प्रकार थांबविण्यासाठीं वऱ्हाडांत १८९७ सालीं कापूस व धान्य यांच्या बाजारांचा कायदा झाला. मुंबई इलाख्यांत १९२७ सालीं कापसाच्या व १९३९ सालीं सर्व शेतमालाच्या बाजारांसाठीं कायदे झाले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६३ चा कायदा होऊन तो १९६७ पासून अमलांत आला. उघडा लिलाव, तपासलेलीं वजनें, ठरलेले खर्च आणि वेळेवर पैसे, हा या कायद्यांचा हेतु होता व तो पुष्कळ अंशीं सफळ झाला, हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. मात्र कालांतरानें त्यांतून दुसरा दोष उत्पन्न झाला. चोरास अडविण्यासाठीं घातलेलें कुंपण धन्यासच अडवूं लागलें. माल आवारांतच आणावा, परवानेदारांसच विकावा, असा नियम झाला; परवाने मर्यादित राहिले, आणि जेथें गिऱ्हाइकें मोजकीं असतात तेथें तीं एकमेकांशीं चढाओढ करण्यापेक्षां समजूत करून घेतात, हा तर व्यवहाराचा साधा नियम आहे. आमच्या व्यापारी वाचकांस तो आम्ही शिकवावयास नको.

आतां एकत्र विक्रीच्या पक्षाकडे वळूं. सहकाराचा पहिला कायदा १९०४ सालीं झाला, पण तो केवळ पतपेढ्यांपुरता होता; विक्रीच्या सोसायट्यांस वाव १९१२ च्या कायद्यानें मिळाला. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनीं, १९५१-५२ सालीं, सबंध देशाच्या ग्रामीण कर्जाची पाहणी झाली. ती चालविणाऱ्या समितींत आमच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ हे होते. शेतकऱ्यानें काढलेल्या शंभर रुपये कर्जांत सहकारी संस्थांचा वांटा अवघा तीन रुपयांच्या आसपास होता, आणि सुमारें सत्तर रुपये सावकारांचे होते, असें त्या पाहणींत आढळून आलें. त्यावर समितीनें सुचविलेला उपाय असा, कीं कर्ज आणि विक्री यांची सांगड घालावी. सोसायटीनें पिकावर कर्ज द्यावें, पीक संघामार्फत विकलें जावें, विक्रींतून कर्ज वळतें व्हावें आणि शिल्लक शेतकऱ्याच्या हातीं पडावी. तालुक्या-तालुक्यांतून खरेदी-विक्री संघ निघाले ते याच विचारानें. विचार निर्दोष होता. जो सावकार कर्ज देऊन माल ओढीत होता त्याच्या जागीं शेतकऱ्याचीच संस्था बसवावयाची, यांत चूक ती काय?

चूक झाली ती पुढच्या पायरीवर. एकत्र विक्री ही चांगली गोष्ट आहे, तर ती सर्वांवर सक्तीनें कां लादूं नये, असें राज्यकर्त्यांस वाटूं लागलें. १९६० च्या दशकाच्या मध्यास टंचाईच्या दिवसांत महाराष्ट्र सरकारनें ज्वारी व भात यांची एकाधिकार खरेदी सुरू केली. १९७३ च्या एप्रिलांत केंद्र सरकारनें गव्हाचा घाऊक व्यापार आपल्या हातीं घेतला व क्विंटलास ७६ रुपये दर बांधला. सरकारी कोठारांत अपेक्षेहून फारच कमी गहूं आला आणि पुढल्याच वर्षीं तो बेत सोडून द्यावा लागला. या सर्वांत दीर्घकाळ चाललेला प्रयोग मात्र आपल्याच राज्यांतील कापसाचा. १९७१ चा कायदा होऊन १९७२-७३ च्या हंगामापासून महाराष्ट्रांतील कापूस उत्पादकास आपला कापूस सरकारच्या योजनेखेरीज अन्य कोणासही विकण्यास मनाई झाली. ही मनाई थोडीथोडकी नव्हे, तीस वर्षें टिकली. २००२ च्या हंगामांत ती व्यवहारतः उठली आणि खासगी खरेदीदारांस वाट मोकळी झाली.

कापूस हें धान्य नव्हे, हें खरें. परंतु सक्तीच्या एकत्र विक्रीचा इतका पूर्ण व इतका प्रदीर्घ अनुभव धान्याच्या बाबतींत आपणांपाशीं नाहीं, म्हणून त्याकडेच पाहिलें पाहिजे. या योजनेस न्याय देऊन बोलावयाचें तर तिनें कांहीं चांगलें केलें. दूरच्या खेड्यांतील लहान कास्तकारासही मोठ्या बागाइतदाराइतकाच भाव मिळूं लागला. प्रतवारी लावून खरेदी होऊं लागली. आरंभीच्या कांहीं वर्षांत फायदा झाला आणि त्याचा वांटा शेतकऱ्यांस मिळाला. पण मक्तेदारीचे जे स्वाभाविक दोष ते तिच्यांतही उतरले. केंद्रांवर गाड्यांच्या रांगा लागूं लागल्या. पैसे हप्त्याहप्त्यानें व उशिरानें मिळूं लागले. प्रतवारी लावणाऱ्याच्या मर्जीवर भाव ठरूं लागला. शेजारच्या राज्यांत भाव चढा असला कीं रात्रीच्या वेळीं कापूस सरहद्दीपलीकडे जाई आणि स्वतःच्या शेतांतला माल विकणारा शेतकरी चोरासारखा पकडला जाई; इकडचा भाव चढा असला कीं तिकडचा कापूस येथें येऊन योजनेच्या गळ्यांत पडे. भाव बाजार पाहून न ठरतां निवडणूक पाहून ठरूं लागला, आणि अखेरीस कोट्यवधि रुपयांचा तोटा राज्याच्या तिजोरीवर, म्हणजे आपणां सर्वांवर, बसला.

या अपयशाचें मूळ एकत्र विकण्यांत नसून सक्तींत आहे, असें आमचें मत आहे. जी संस्था सोडून जाण्याचा हक्क सभासदास नाहीं, तिला सभासदास खूष ठेवण्याचें कारणही उरत नाहीं. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानीं जाईल ही धास्ती ज्या दुकानदारास नाहीं, तो तागडीकडे लक्ष कशास देईल? हाच न्याय संघास व सरकारासही लागूं आहे. सक्ती आली कीं संघ हा शेतकऱ्यांचा राहत नाहीं. तो शेतकऱ्यांवरचा होतो.

येथें शेतकरी संघटनेचा उल्लेख करणें अवश्य आहे. कै. शरद जोशी यांनीं आपल्याच जिल्ह्यांतील चाकण येथून कांद्याच्या प्रश्नावर चळवळ उभारली. १९८० सालीं शेतकऱ्यांनीं पुणें-नाशिक रस्ता अडविला, तेव्हां सर्व देशाचें लक्ष तिकडे गेलें. शेतमालावरचीं बंधनें उठवा, शेतकऱ्याचा भाव मुद्दाम पाडूं नका, ही त्यांची मागणी होती. ही मागणी स्वातंत्र्याची. पण ती पदरांत पाडून घेण्यासाठीं त्यांनीं जें साधन वापरलें तें एकीचें होतें, याकडे दोन्ही पक्षांचें दुर्लक्ष होतें. हजारों शेतकरी कायद्याच्या सक्तीनें रस्त्यावर बसले नव्हते. ते आपखुषीनें बसले होते. स्वातंत्र्य आणि संघशक्ति यांचें हाडवैर आहे असें समजणाऱ्यांनीं चाकणचा धडा पुन्हां वाचावा.

उलट बाजूचा धडा अलीकडचा आहे. २०२० सालीं केंद्र सरकारनें आधीं वटहुकूम काढून व मग संसदेंत संमत करून तीन कायदे आणले. बाजार आवाराबाहेर कोणासही माल विकण्याची मोकळीक हा त्यांपैकीं एकाचा गाभा होता. तत्त्व आम्हांस मान्य आहे. महाराष्ट्रानें तर २०१६ सालींच फळें व भाजीपाला यांस अशी मोकळीक दिली होती. तथापि पंजाब-हरियाणाचे शेतकरी वर्षभर दिल्लीच्या वेशीवर बसले. सर्वोच्च न्यायालयानें १२ जानेवारी २०२१ रोजीं कायद्यांस स्थगिति देऊन नेमलेल्या समितींत आपल्याकडील शेतकरी संघटनेचे अनिल घनवट होते. त्यांच्या संघटनेनें या मोकळिकीचें समर्थन केलें होतें. शेवटीं नोव्हेंबर २०२१ मध्यें कायदे मागें घेतले गेले. आवारांत कर आणि आवाराबाहेर करमाफी अशी विषम चढाओढ लागली तर आवारें ओस पडतील व हमीभावाची सरकारी खरेदीही त्यांबरोबर जाईल, ही पंजाबच्या शेतकऱ्याची भीति होती. तंटा झाला तर दिवाणी न्यायालयाचें दार बंद करून प्रांताकडे जावयाचें, हीही त्यांतील तरतूद होती. ज्याच्यासाठीं कायदा करावयाचा त्यास न विचारतां दिलेलें स्वातंत्र्य त्यास जुलमासारखें वाटलें, यांत नवल नाहीं.

आणि केवळ मोकळीक पुरेशी नाहीं, हें सोयाबीनच्या शेतकऱ्यानें पाहिलें आहे. २०२४-२५ च्या हंगामासाठीं सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास ४,८९२ रुपये होता. महाराष्ट्रांतील बहुतेक बाजारांत प्रत्यक्ष दर त्याच्या पुष्कळ खालीं राहिला. सरकारी केंद्रावर जावें तर शेंकडा १२ हून अधिक ओलावा चालत नसे. पुढें ती मर्यादा १५ वर नेली गेली, पण तोंपर्यंत दिवाळीच्या गरजेपायीं अनेकांचा माल व्यापाऱ्याकडे गेलेला होता. विकण्यास कोणाचीही मनाई नव्हती. थांबण्याचें बळ नव्हतें.

मग एकत्र विक्री आपखुषीची असली कीं सर्व सुरळीत होतें काय? तसेंही नाहीं. कानडाच्या गहूं पिकविणाऱ्या प्रांतांत १९२३-२४ सालीं शेतकऱ्यांनीं स्वेच्छेनें प्रचंड संघ स्थापिले. पांच वर्षें आपला सर्व गहूं संघासच देऊं, असा करार प्रत्येकानें लिहून दिला. संघ माल घेतांना कांहीं रक्कम उचल म्हणून देई व विक्री झाल्यावर उरलेली वांटून देई. कांहीं वर्षें उत्तम गेलीं. १९२९ च्या पिकावर त्यांनीं बुशेलास एक डॉलर उचल दिली, आणि जगाचा बाजार कोसळून दर त्याच्याही खालीं गेला. संघ कर्जांत बुडाले. प्रांतिक सरकारांस हमी घ्यावी लागली. पुढें महायुद्धांत, १९४३ सालीं, तेथें सरकारी मंडळाची सक्तीची खरेदी आली व ती २०१२ पर्यंत चालली. यावरून असें दिसतें, कीं आपखुषीचा संघही सट्टा खेळूं लागला तर बुडतो, आणि तो बुडाला कीं त्याच्या जागीं सक्ती येऊन बसते.

आपल्याकडील संघांचें दुखणें याहून वेगळें व अधिक नित्याचें आहे. समजा, शंभर शेतकऱ्यांनीं मिळून ज्वारी विकण्याचें ठरविलें. संघानें त्या भरंवशावर मोठ्या गिऱ्हाइकाशीं सौदा केला. इतक्यांत बाजार क्विंटलामागें दीडशें रुपयांनीं चढला. साठजणांनीं गुपचूप बाहेर माल विकला. संघाचा सौदा मोडला, पत गेली आणि शब्द पाळणारे चाळीसजण तोट्यांत आले. पुढल्या वर्षीं तेही येत नाहींत. बाजार पडला तर मात्र बाहेरचेही संघाच्या दारीं रांग लावतात. हा दोष कायद्याच्या दंडुक्यानें दूर करावा असें सक्तीवादी म्हणतात. हा मनुष्यस्वभाव आहे, त्यास इलाज नाहीं असें दुसरे म्हणतात. आम्हांस दोन्ही मतें अमान्य आहेत.

आमच्या मतें मार्ग असा आहे. संघांत येणें न येणें हें सर्वस्वी शेतकऱ्याच्या इच्छेवर असावें. परंतु एकदां आल्यावर त्या हंगामापुरता शब्द पाळणें त्यास बंधनकारक असावें. जावयाचें तर त्यानें हंगाम संपल्यावर जावें, मध्येंच जाऊं नये. संघानें सर्व पीक मागूं नये. अर्धें संघास व अर्धें स्वतःच्या हातीं, असा करार आरंभीं पुरे आहे, म्हणजे शेतकऱ्यास घरखर्चास माल राहील आणि संघाचा भाव खरा कीं खोटा हें त्यास स्वतःच पडताळून पाहतां येईल. माल घेतांच रास्त उचल द्यावी, पण ती बाजारभावाहून इतकी कमी असावी कीं भाव पडल्यास संघ बुडूं नये. हिशेब दर महिन्यास चावडीवर लागावा. ज्या संघाची वही सभासदास वाचतां येत नाहीं, तो संघ आणि १८७५ चा सावकार यांत आम्ही फारसा भेद मानीत नाहीं.

या सर्वांचा पाया म्हणजे थांबण्याची शक्ति. तिचीं साधनें आपल्या राज्यांत मुळींच नाहींत असें नाहीं. राज्याचें वखार महामंडळ १९५७ पासून आहे. कृषि पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. तींत बाजार समितीच्या गोदामांत धान्य ठेवून त्याच्या किंमतीच्या शेंकडा ७५ पर्यंत कर्ज सहा महिन्यांसाठीं अल्प व्याजानें मिळूं शकतें. योजना उत्तम आहे. पण गोदाम तालुक्याच्या गांवीं आणि शेतकरी वाडीवर, हें अंतर ओलांडल्याविना ती त्याच्या उपयोगीं कशी पडावी? दहा गांवांमागें एक कोरडें गोदाम, खरा कांटा आणि पावती घेऊन लगेच पैसे देणारी पेढी, एवढें झालें तर भाषणांचें निम्में काम होईल. द्राक्षांच्या बाबतींत १९९१ पासून महाग्रेप्सनें व पुढें नाशिककडील सह्याद्रीसारख्या उत्पादक कंपनीनें एकत्र विक्रीची वाट दाखविली आहे. धान्याचें काम त्याहून अवघड आहे, कारण धान्य सर्वत्र पिकतें, त्यांत नफ्याची फट अरुंद असते व मालाचें वेगळेपण थोडें. परंतु द्राक्षें थांबत नाहींत, दाणा थांबतो. ही धान्याची मोठी देणगी आहे आणि तीच आपण आजवर वायां घालविली आहे.

व्यापारी बंधूंस आमचें सांगणें एवढेंच, कीं शेतकऱ्यांच्या संघास त्यांनीं शत्रु मानूं नये. प्रतवारी केलेला, निवडलेला, एकगठ्ठा माल एका सौद्यांत मिळत असेल तर सचोटीच्या व्यापाऱ्याचा त्यांत लाभच आहे; ज्याचा धंदा कडत्यावर चालतो त्याचीच हानि आहे. शेतकऱ्यांच्या पुढाऱ्यांस सांगणें असें, कीं संघ हा आमदारकीच्या शिडीची पायरी नव्हे. सरकारास सांगणें असें, कीं एका हातानें मोकळीक देऊन दुसऱ्या हातानें ती काढूं नये. मे २०२२ मध्यें गव्हाची व डिसेंबर २०२३ मध्यें कांद्याची निर्यात एकाएकीं बंद झाली. ज्यानें भाव येईल म्हणून माल राखून ठेवला होता त्यासच शिक्षा झाली. अशानें थांबण्याची हिंमत कोण करील?

शेवटचें सांगणें आम्हां शहरवासीयांस आहे. कांदा महाग झाला कीं आपण ओरड करतों, आणि त्या ओरडीनेंच असे हुकूम निघतात. कांदा रस्त्यावर फेकला जातो तेव्हां मात्र आपण गप्प बसतों. भाव पडतांना शेतकऱ्यानें बाजाराचा नियम पाळावा आणि भाव चढतांना सरकारनें बाजार मोडावा, हा न्याय नव्हे. शेतकऱ्यास एकट्यानें विकण्याची मोकळीक असूं द्या, मिळून विकण्याची सोय असूं द्या, आणि दोहोंपैकीं काय निवडावें हें त्याचें त्यास ठरवूं द्या. त्यासाठीं आपणांस पोळी-भाकरीवर चार पैसे अधिक मोजावे लागले तर ते आपण कुरकुर न करतां मोजले पाहिजेत, आणि ज्या गरिबास ते मोजणें शक्य नाहीं त्याची सोय शेतकऱ्याच्या खिशांतून न करतां सर्वांच्या करांतून केली पाहिजे.